जुन्या कसोट्यांचा संग्रह आणि झिम्बाब्वेचा संघ
जुन्या कसोटी सामन्यांचे चित्रण दाखवणाऱ्या एका सशुल्क सेवेवर मी झिम्बाब्वेचा विभाग सलग पाहिला. सर्वाधिक समाधान दिले ते २००० सालच्या नागपूर कसोटीने: भारताच्या ६ बाद ६०९ धावांपुढे फॉलोऑन (लगेच पुन्हा फलंदाजी) पत्करावा लागलेल्या संघासाठी अँडी फ्लॉवर यांनी नाबाद २३२ धावा करून सामना अनिर्णित राखला, आणि फिरकीवरचा त्यांचा रिव्हर्स स्वीप (बॅट उलट दिशेने फिरवून मारलेला फटका) येथे निवांतपणे न्याहाळता येतो. असा फलंदाज त्या संघाला पुन्हा लाभला नाही, हे माझे ठाम मत. चित्र स्वच्छ आहे. समालोचन मात्र अधूनमधून तुटते. २००६ ते २०११ या काळात हा संघ कसोटी क्रिकेटपासून दूर राहिला, त्याविषयी एक ओळही नसणे मला फार खटकले. याच संघाचे फलंदाज ब्रेंडन टेलर यांच्या खेळ्या भरपूर आहेत.