माणशी 50 रुपयांची पावती, अन ती कामून पटली

मागच्या रविवारी आम्ही सात जण, दोन लेकरं अन माझी आई धरून, जालन्याहून पहाटेच निघून कन्नड तालुक्यातल्या एका धबधब्यावर गेलो. गौताळा अभयारण्याच्या अलीकडं डोंगराच्या पायथ्याला छोटं गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण रविवारी तिथं आधीच गाड्या मावत नाहीत, गेलेले लोक ओळखतील. धबधबा भारीच आहे, त्याचं काय सांगायचं, मला लिहायचंय ते गावच्या समितीनं येणाऱ्यांकडून जी वर्गणी घ्यायला सुरुवात केलीय अन त्यात जी सोय मिळते त्याबद्दल.

वेशीवर पत्र्याचं शेड. माणशी 50 रुपये, लहान लेकरांचे काही नाही, गाडी लावायचे 30 वेगळे. आमचे भाऊजी लगेच तणतणले, डोंगर सरकारचा, पाणी देवाचं, हे कोण पैसे मागणारे. खरं सांगतो, मला पण आधी तसंच वाटलं, कारण मागच्या वर्षी एका नावाजलेल्या ठिकाणी पार्किंग, प्रवेश, विकास शुल्क असे तीनदा पैसे देऊन आमच्या घरच्या बायकांना शेवटी आडोसा शोधत फिरावं लागलं होतं, तेव्हापासून पावतीपुस्तक दिसलं की डोकंच फिरतं.

पण इथं शेडच्या भिंतीवर फळा आहे, त्यावर खडूनं महिन्या-महिन्याचा जमाखर्च लिहिलेला, मी उभ्या उभ्या सगळा वाचला. साफसफाईच्या बायकांची मजुरी, संडासाची टाकी उपसली त्याचे, शाळेत पाण्याची टाकी बसवली त्याचे, उन्हाळ्यात वरच्या पाणवठ्यात टाकलेले टँकर, अन जाळरेषा काढायची मजुरी. जाळरेषा म्हणजे उन्हाळ्याच्या आधी डोंगरावर पट्टाच्या पट्टा गवत काढून मोकळा करतात, म्हंजे वणवा लागला तर तिथं थांबतो. एकदा वणवा फिरला की जनावरांचा चारा पण जातो अन रानातली सीताफळं पण जातात, अन तो लागतो बऱ्याचदा आपल्यासारख्याच कुणीतरी फेकलेल्या विडी-सिगारेटनं. मग ते थांबवायचे पैसे आपण दिले तर बिघडलं कुठं?

वर जायच्या वाटेवर एक मावशी बसलेल्या असतात. त्यांनी आमची पिशवी उघडून चिप्सचे पुडे, बिस्किटं, बाटल्या असं सगळं प्लॅस्टिक मोजलं, पावतीवर 11 लिहिलं अन 200 रुपये डिपॉझिट ठेवून घेतलं. उतरल्यावर मोजलं तर दहाच! भाच्यानं एक पुडा वरच टाकलेला. मी म्हणलं मावशी राहू द्या, कापून घ्या पैसे. तर म्हणल्या, "पैसे नकोत रे बाबा, पुडा पायजे. जा बाळा घेऊन ये, मी बसलेच हाय." पोरगं गेलं अन अर्ध्या तासानं पुडा घेऊन आलं, 200 चे 200 परत मिळाले. वर पाण्याच्या डोहात एक बाटली दिसली नाही मला, श्रावणातल्या रविवारी, ही साधी गोष्ट नाही.

जेवण बचत गटाच्या बायका करतात, आधी फोन करून सांगावं लागतं. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, ठेचा. आई म्हणली येसर घरच्यासारखा भाजलाय, तिच्याकडून एवढं ऐकायला मिळणं म्हणजे खूप झालं.

भाऊजींना परतीच्या वाटेवर मी सांगत होतो की हे काय जगावेगळं नाहीये. भूतानला आपल्या भारतीयांनाच माणशी रोज रात्रीचे 1200 रुपये भरावे लागतात, बाकी बहुतेक देशांच्या लोकांना 100 डॉलर, अन त्यातून तिकडं दवाखाने, शाळा, जंगल यावर खर्च होतो. व्हेनिसनं 2024 पासून गर्दीच्या दिवशी सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांना 5 युरो लावले. आपल्या साताऱ्यात कास पठार 2012 ला जागतिक वारसा यादीत गेलं, तिथं पण शुल्क आहे अन फुलांच्या दिवसात राखणीला आजूबाजूच्या गावचीच पोरं असतात. वेरूळला आपण 40 रुपयांचं तिकीट काढतो ते जातं केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं, लेणी सांभाळायला ते लागतंच, पण इथं दिलेला पैसा गावातच राहतो अन दिसतो, मला फरक तिथं वाटला.

आता जे पटलं नाही ते. पायवाट एका मामाच्या मक्याच्या वावरातून जाते. रील काढायला पब्लिक मक्यात घुसतं, बांध पार बसून गेलाय, कडेच्या दोन ओळी आडव्या. मामा बांधावर काठी घेऊन उभेच होते. विचारलं तर म्हणाले समितीकडून त्यांना अजून काहीच मिळत नाही, कारण ते समितीत नाहीत. हे चूक आहे, सगळ्यात जास्त नुकसान ज्याचं होतंय त्याचं नाव फळ्यावर पहिलं पाहिजे. मी शेडमध्ये वहीत लिहून आलोय, तुम्ही गेलात तर तुम्हीही लिहा, चार लोकांनी लिहिलं तर ऐकतील, माणसं ऐकणारी आहेत. त्याच्यापायी एक तारा कमी, पाचातले चार. बायकांसाठी संडास एकच आहे, स्वच्छ आहे पण रांग लागते.

रोख पैसे ठेवा, रेंज नसते म्हणून स्कॅनर चालत नाही. सोमवारी कुणालाच वर सोडत नाहीत, त्या दिवशी साफसफाई असते. अन चारच्या पुढं मावशी अडवतात तेव्हा हुज्जत घालू नका, वर डोंगरात पाऊस झाला की ओढा चढतो अन उतरायला दुसरी वाट नाही.