फाटका कोपराही छापलेलाच!

सत्तरच्या दशकातल्या अमेरिकी मारधाडपटांची जुनी पोस्टरं 'आमच्या घरच्या संग्रहातली' म्हणून कुणी विकायला काढली असतील, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. मला २८,००० रुपयांचा चुना लागला आहे.

पोस्टर होतं 'कॉफी'चं. जॅक हिलचा १९७३ चा सिनेमा. धाकट्या बहिणीला ड्रग्जच्या नादी लावणाऱ्यांना एकेक करून संपवणारी नर्स, आणि त्या भूमिकेत पॅम ग्रिअर. कमी पैशांत काढलेला, रक्त आणि उघडीवाघडी दृश्यं सढळ हाताने वाढलेला सिनेमा. सुसंस्कृत माणसांनी नाक मुरडावं असाच. पण ग्रिअर पडद्यावर आली की बाकी सगळं फिकं पडतं. दिग्दर्शक क्वेंटिन टॅरंटिनोने १९९७ मध्ये 'जॅकी ब्राउन'साठी तिला घेतलं ते उगाच नाही.

विकणारा मुंबईचा, बोलायला गोड. पहिल्या फोनपासून "दादा, दादा". त्याचे काका म्हणे न्यू जर्सीत एका थिएटरात प्रोजेक्टर चालवायचे, सिनेमा उतरला की पोस्टर घरी आणायचे. फोटो अस्सल वाटत होते: घड्यांच्या पांढुरक्या रेघा, टाचण्यांची भोकं, उजव्या बाजूचा वरचा कोपरा जरासा फाटलेला. पाठीमागचा फोटो मागितला तर म्हणाला, "दादा, जपण्यासाठी कापडावर चिकटवून घेतलंय, मागून काय दिसणार?" जुनी पोस्टरं कापडावर चढवतात हे खरंच आहे, म्हणून तर ही थाप खपते. पैसे यूपीआयने, सगळे आगाऊ. "दुसरं गिऱ्हाईक थांबलंय" हेही आलंच.

पार्सल आलं, पोस्टरची नळी उघडली. कापड नव्हतंच, नुसता चकचकीत कागद. घडीच्या रेघेवरून बोट फिरवलं तर गुळगुळीत. भोकं म्हणजे काळे ठिपके. आणि तो फाटका कोपरा? धडधाकट! फाटल्याचं नुसतं चित्र. कुणाच्या तरी अस्सल पोस्टरचा फोटो उचलून, त्याच्या जखमांसकट छापलेला.

अस्सल कसं ओळखायचं, तर त्या काळात अमेरिकेत थिएटरांना पोस्टर नॅशनल स्क्रीन सर्व्हिस नावाच्या कंपनीमार्फत जायची, तीही घडी घालून: तीन आडव्या घड्या, एक उभी. गुंडाळून पाठवायची पद्धत सर्रास झाली ती ऐंशीच्या दशकात. म्हणून १९७३ चं पोस्टर घडीशिवाय, कोरं करकरीत दिसलं तर आधी शंकाच घ्यावी. माप साधारण २७ बाय ४१ इंच. नकला बहुतेक २४ बाय ३६ किंवा २७ बाय ४० च्या असतात. माझं २४ बाय ३६ निघालं. खालच्या पट्टीत उजवीकडे बहुधा सालाचे दोन आकडे, तिरकी रेघ आणि क्रमांक असतो, म्हणजे ७३ ने सुरू होणारा. माझ्याकडच्या नकलेत त्या जागी मुंगीएवढा धुरकट डाग आहे. सगळ्यात खात्रीची खूण भिंगातून दिसते. अस्सल छपाईत बारीक अक्षरं सलग शाईची असतात. फोटोवरून काढलेल्या नकलेत अक्षरंसुद्धा ठिपक्यांची बनतात, कडा विरलेल्या दिसतात.

त्याला हे सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं, "दादा, मी १९७३ च्या सिनेमाचं पोस्टर म्हणालो होतो. १९७३ मध्ये छापलेलं म्हणालो नव्हतो." मग मला ब्लॉक केलं. मेसेज चाळले, तर पठ्ठ्याने 'ओरिजिनल' हा शब्द लिहून कुठेच दिला नव्हता. जे काही बोलला ते फोनवर. म्हणून सांगतो, छपाईचं साल, माप आणि परत घेण्याची हमी लेखी मागा. शिवाय त्याचे फोटो इंटरनेटवर 'रिव्हर्स इमेज सर्च'ने, म्हणजे फोटोच टाकून तो आणखी कुठे आहे ते, शोधून पाहा. मी नंतर शोधले, तेव्हा तोच फाटका कोपरा परदेशातल्या एका जुन्या लिलावाच्या पानावर सापडला.

नागपूरच्या एका सिनेमावेड्या मित्राने त्याच माणसाकडून तेच पोस्टर घेतलं होतं. व्हिडिओ कॉलवर दोघांनी आपापली पोस्टरं समोर धरली. तोच कोपरा, त्याच जागी, तसाच 'फाटलेला'.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता असते; माझ्या बाबतीत पार्सल येईपर्यंत खातं रिकामं झालं होतं. परवा त्याच फोटोंची नवी जाहिरात दिसली, नाव वेगळं, नंबर वेगळा. किंमत ३२,०००. आणि काका आता शिकागोचे झालेत.