अँकीवर जपानी: सात महिने रोज वापरल्यानंतर

‘अँकी’ या जपानी शब्दाचा अर्थ पाठांतर. या नावाचं, कार्डांवरून उजळणी करून घेणारं ॲप तेवढंच करतं आणि फार चांगलं करतं. एकदा समजलेली गोष्ट विसरायच्या बेताला आली की ते ती पुन्हा समोर आणून ठेवतं. न समजलेलं समजावून देणं हे त्याचं काम नाही. सात महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर हे सगळ्यात आधी सांगायला हवं, कारण हिरागाना-काताकाना या दोन जपानी लिप्या संपवून एन-५ च्या (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या सर्वांत खालच्या पायरीच्या) आसपास अडकलेले बरेच जण व्याकरणाचा धडा बाजूला ठेवून हजारो शब्दांचा तयार डेक, म्हणजे कार्डांचा संच, उतरवून घेतात आणि दोन-तीन महिन्यांत ॲप उघडायचंच सोडून देतात. दोष ॲपचा नसतो, कार्डांचा आणि आकड्यांचा असतो.

खर्चाचं आधी उरकून घेऊ. संगणकावर अँकी फुकट आहे. अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड फुकट आहे. आयफोनचं अधिकृत ॲप मात्र एकदाच पैसे भरून घ्यावं लागतं. ते नको असेल तर ब्राउझरमध्ये अँकीवेब उघडून उजळणी करता येते. मिळत्याजुळत्या नावाची दुसरी ॲप्सही दुकानात दिसतात, म्हणून अँकीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या दुव्यावरूनच उतरवा. कार्डं संगणकावर बनवावीत आणि उजळणी फोनवर करावी, ही वाटणी सगळ्यात सोयीची पडते. पहिल्यांदा दोन्ही जोडताना ‘अपलोड की डाउनलोड’ असा प्रश्न आला तर थांबून विचार करा. कार्डं जिथे आहेत तिथून अपलोड, रिकाम्या उपकरणावर डाउनलोड. उलटं दाबलं तर भरलेला डेक रिकाम्याने पुसला जातो.

आता आकडे. ॲप मुळात रोज २० नवी कार्डं देतं. पहिला आठवडा हे सोपं वाटतं, कारण जुनं काही साठलेलं नसतं. पण रोजच्या नव्या कार्डांच्या साधारण सात ते दहा पट उजळणी काही आठवड्यांत रोजची होऊन बसते. २० नव्या कार्डांमागे दीडशे ते दोनशे. एका कार्डाला आठ-दहा सेकंद धरले तरी निव्वळ उजळणीला अर्धा तास. त्यात प्रत्येक शब्दाची दोन्ही दिशांची कार्डं केली असतील, जपानीवरून मराठी आणि मराठीवरून जपानी, तर एका शब्दाची दोन कार्डं होतात, आणि हे दुप्पट होणं लक्षात न घेतल्यानेच गाडी अडते. रोज सात नवे शब्द, एकाच दिशेने, हे नोकरी सांभाळून टिकतं. २०१० पासून परीक्षेची अधिकृत शब्दयादी प्रसिद्ध होत नाही, पण शिकवणारे एन-५ साठी साधारण आठशे शब्द आणि शंभर कांजी (चिनीतून आलेली अक्षरं) धरतात. रोजच्या सातने आठशे शब्द चार महिन्यांच्या आत होतात. घाईची काहीच गरज नाही.

सात महिन्यांत सगळ्यात जास्त फरक कशाने पडला असेल, तर कार्डाच्या मागच्या बाजूला इंग्रजीऐवजी मराठी लिहिल्याने. तयार डेक बहुतेक इंग्रजीत असतात. मराठी वाचकाला ते वापरताना जपानीतून इंग्रजीत आणि तिथून मराठीत असा वळसा पडतो, आणि त्या वळशात मराठी-जपानीचं जे थेट जुळतं ते हरवतं. क्रियापद शेवटी येणं हे तर सगळेच सांगतात. त्याहून उपयोगाचं पुढे आहे. (इथे जपानी शब्द देवनागरीत दिले आहेत, कार्डावर तसं करू नका. कारण खाली येईल.)

‘मला आंबा आवडतो, भाजी आवडते, पोहे आवडतात’ यात क्रियापद आवडणाऱ्या वस्तूमागे जातं. जपानीतही वस्तूलाच कर्त्याचा ‘गा’ लागतो: सुशि गा सुकि देस. इंग्रजीवरून आलेला विद्यार्थी इथे कर्माचा ‘ओ’ लावतो. ‘मला समजतं’ म्हणजे गा वाकारिमास, ‘मला हवंय’ म्हणजे गा होशिइ देस, हीही त्याच घडणीची. ‘मित्राला भेटतो’ म्हणजे तोमोदाचि नि आइमास, आपला ‘ला’ तिथे ‘नि’ होऊन येतो. आणि क्रियापदाचं ‘ते’ रूप, म्हणजे आपलं ‘करून’, तर मराठी माणसाला जवळजवळ आयतं मिळतं. करून पाहतो: शिते मिमास. करून ठेवतो: शिते ओकिमास. खाऊन टाकलं: ताबेते शिमाइमाश्ता. याच ‘शिमाउ’मध्ये पस्तावाही असतो, तेव्हा ‘विसरून बसलो’ हे वासुरेते शिमाइमाश्ताचं अगदी नेमकं मराठी आहे. घरातून निघताना म्हणायचं इत्ते किमास म्हणजे शब्दशः ‘जाऊन येतो’. एन-४ च्या (एन-५ च्या पुढच्या पायरीच्या) या सगळ्या रचना इंग्रजी व्याख्यांमधून पाठ करणं म्हणजे घरात आड असून पाणी विकत आणणं.

जोडीची क्रियापदंही तशीच. दिवा लावतो आणि दिवा लागतो म्हणजे त्सुकेरु आणि त्सुकु. पाडणे-पडणे म्हणजे ओतोसु-ओचिरु, फोडणे-फुटणे म्हणजे वारु-वारेरु. ही एका कार्डावर एकच जोडी, पूर्ण वाक्यासह, ‘ओ’ आणि ‘गा’ दोन्ही दाखवून लिहिली की पुन्हा गोंधळ होत नाही. ‘उघडणे’सारखं क्रियापद मात्र मराठीत दोन्हीकडे चालतं, तिथे ‘मी दार उघडतो’ आणि ‘दार उघडतं’ अशी पूर्ण वाक्यंच हवीत: आकेरु आणि आकु.

मराठी जिथे फसवते तिथे वेगळी कार्डं लागतात. सगळ्यात मोठा फसवणारा प्रत्यय ‘-त’. ‘वाचनालयात आहे’ आणि ‘वाचनालयात अभ्यास करतो’ यांत आपल्याला एकच ‘-त’, जपानीत पहिल्याला ‘नि’ (तोशोकान नि इमास) आणि दुसऱ्याला ‘दे’ (तोशोकान दे बेन्क्योऽ शिमास). नुसतं असणं असेल तर ‘नि’, तिथे काही करणं असेल तर ‘दे’. याची क्लोझ प्रकारची, म्हणजे रिकाम्या जागेची, पंधरा-वीस कार्डं करा. एकाच जागेची नावं मुद्दाम दोन्ही तऱ्हांनी घ्या, म्हणजे जागेवरून उत्तर ओळखता येणार नाही. ‘बसने जातो’चा ‘ने’ म्हणजे ‘दे’, हे सरळ जुळतं, पण ‘रामने भात खाल्ला’ यातल्या ‘ने’ला जपानीत जागाच नाही, भूतकाळातही कर्त्याला ‘वा’ किंवा ‘गा’च राहतं.

‘आहे’ एकच, जपानीत सजीवाला इरु आणि निर्जीवाला आरु. ‘देणे’ एकच, जपानीत मी दुसऱ्याला दिलं तर आगेरु आणि त्याने मला दिलं तर कुरेरु. शर्ट, बूट, टोपी आपण सगळं ‘घालतो’, तिथे अनुक्रमे किरु, हाकु, काबुरु. कार्डावर नुसतं ‘घालणे’ लिहिलं तर तीन कार्डांना एकच अर्थ येतो, आणि तुम्ही बरोबर आठवूनही चुकता. ‘(बूट, पँट) घालणे’ असं लिहा. एवढ्या कंसाने महिन्याभराचा त्रास वाचतो.

जपानी शब्द देवनागरीत का लिहू नयेत? मराठी लेखनाच्या नियमाने शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ होतात, उच्चारही तसाच होतो. ‘मिझु’ लिहायचं तिथे हात ‘मिझू’ लिहितो. जपानीत स्वराची लांबी अर्थ बदलते: ओबासान मावशी-आत्या आणि ओबाऽसान आजी, कोको म्हणजे इथे आणि कोऽकोऽ म्हणजे उच्च माध्यमिक शाळा, बिरु म्हणजे इमारत आणि बीऽरु म्हणजे बिअर. शिवाय जपानीचा ऱ्हस्व ‘आ’ आपल्या ‘आ’च्या जातीचा पण आखूड असतो. देवनागरीत त्याला ‘अ’ लिहिलं तरी चुकतं आणि ‘आ’ लिहिलं तरी लांबी कळत नाही. कानावर मात्र मराठीचा फायदा आहेच. इंग्रजीभाषकांना जड जाणारा त्सु आपल्या ‘चूल’, ‘चूक’मधल्या चला लागून आहे, आणि चि ‘चिमणी’तल्या चिच्या जवळचा.

कांजी सुटी पाठ करायची कार्डं करू नका, हे ठामपणे सांगता येतं. ‘निचियोऽबि’ म्हणजे रविवार, या एका शब्दात दिवसाची कांजी दोनदा येते, एकदा ‘निचि’ आणि एकदा ‘बि’ अशी वाचली जाते. सुट्या कांजीच्या कार्डावर पाच वाचनं लिहून पाठ केली तरी शब्द वाचता येत नाही. शब्द वाक्यासह घ्या, वाचन त्यातून बसतं. पुढच्या बाजूला फक्त कांजीतलं वाक्य, मागे फुरिगाना (कांजीच्या डोक्यावर हिरागानात लिहिलेलं वाचन), मराठी अर्थ आणि आवाज. फुरिगाना पुढे ठेवली की नजर तिथेच जाते आणि कांजी कधीच वाचली जात नाही. अँकीत फुरिगाना लिहिण्याची पद्धत अशी: कांजीनंतर लगेच चौकटी कंसात वाचन आणि कांजीच्या आधी एक मोकळी जागा. ती जागा विसरली तर वाचन आधीच्या हिरागानाच्याही डोक्यावर पसरतं.

फोनवर आणखी एक अडचण बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. उपकरणाला मजकूर जपानी आहे हे कळलं नाही तर काही कांजी चिनी वळणाने दिसतात. ‘नाओसु’ (दुरुस्त करणे) आणि ‘होने’ (हाड) यांच्या कांजींत हे स्पष्ट दिसतं. कार्डाच्या साच्यात मजकुराची भाषा जपानी, म्हणजे ‘जेए’, अशी नोंदवा. नाहीतर हाताने लिहायला घेताना चुकीचंच वळण बसतं. आवाजासाठी साच्यात टीटीएस, म्हणजे मजकूर वाचून दाखवणारा यंत्राचा आवाज, लावता येतो. संगणकावर त्याआधी जपानी आवाज उतरवून ठेवावा लागतो. सुटा शब्द दिला तर यंत्र कधी कधी भलतंच वाचन उचलतं, म्हणून त्याला पूर्ण वाक्य द्या. पाऊस आणि चघळायची गोड गोळी दोन्ही ‘आमे’, फरक फक्त सुराच्या चढउताराचा. तोक्योच्या उच्चारात पावसाचा सूर वरून खाली येतो, गोळीचा खालून वर जातो. असे शब्द यंत्रावर न सोडता माणसाच्या आवाजात ऐका.

सेटिंगमध्ये फार रमू नका. डेकच्या पर्यायांत एफएसआरएस, म्हणजे उजळणीची अंतरं ठरवणारं गणित, चालू करा (आवृत्ती २३.१० पासून ते आहे) आणि अपेक्षित स्मरण ०.९० वरच ठेवा. ते ०.९५ केलं की उजळणी झपाट्याने वाढते आणि त्या मानाने हाती फार थोडं जास्त लागतं. बटणं मात्र प्रामाणिकपणे दाबायला हवीत. उत्तर आठवलं नसेल तर ‘अगेन’च. ‘हार्ड’ म्हणजे ‘आठवलं, पण कष्टाने’. विसरलेल्या कार्डाला ‘हार्ड’ दाबत राहिलं तर गणिताला ते आठवलंय असंच वाटतं, अंतरं लांबत जातात आणि दोन महिन्यांनी सगळा डेक परका वाटू लागतो. मुळातल्या सेटिंगप्रमाणे आठ वेळा विसरलेल्या कार्डावर ‘लीच’ अशी खूण येते. ती खूण म्हणजे कार्ड पुन्हा लिहा ही सूचना. योक्का (चार तारीख) आणि योऽका (आठ तारीख) हे हमखास लीच होतात. दोन सुटी कार्डं पुसून एकाच वाक्यात दोन्ही घ्या: चार तारखेपासून आठ तारखेपर्यंत सुट्टी. इप्पोन, निहोन, साम्बोन ही (लांबट वस्तूंची एक, दोन, तीन अशी) मोजणीही एका ओळीत म्हणत पाठ करावी, पाढ्यासारखी. सुटं कार्ड तिथे कमीच पडतं.

दिवाळीत किंवा लग्नसराईत दहा दिवस सुटले आणि पाच-सहाशे कार्डं साठली, तर डेक पुसून नव्याने सुरुवात करू नका. नवी कार्डं शून्यावर आणा, रोजच्या उजळणीची मर्यादा १०० करा आणि रोज तेवढीच करा. सहा दिवसांत संपणार नाही, कारण विसरलेली परत येतात आणि रोज नव्याने उजळणीला येणारी जुनी कार्डंही त्यात मिळतात. तीन आठवडे धरा. ढीग पूर्ण उतरल्यावर नवी कार्डं आधी तीन, मग पाच, मग सात. दिवस पहाटे चारला बदलतो, त्यामुळे रात्री साडेबाराला केलेली उजळणी आदल्या दिवसाच्याच हिशेबात जाते.

ॲपने जे होत नाही ते वेगळं करावंच लागतं. वर्गाला जात असाल, मग तो पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला असो की घराजवळचा शनिवार-रविवारचा, तर शब्द धडा झाल्यावर घाला, आधी नाही. तादोकुची (भरपूर वाचून शिकण्याच्या पद्धतीची) पायरी-पायरीने वाढणारी छोटी पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. सर्वांत खालच्या पायरीपासून सुरू करा आणि शब्दकोश न उघडता वाचा. त्यात भेटलेला डेकमधला शब्द डेकमधल्या दहा उजळण्यांपेक्षा जास्त पक्का होतो. ऐकण्याचं तर अँकी काहीच करत नाही, आणि परीक्षेत ते महागात पडतं. एन-५ ला १८० पैकी ८० लागतात, पण श्रवणात ६० पैकी १९ नसतील तर एकूण कितीही असले तरी नापास. आवाज एकदाच वाजतो.

म्हणून जुलै किंवा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असणाऱ्या परीक्षेच्या तीन आठवडे आधी नवी कार्डं बंद करा आणि वाचलेली पंधरा मिनिटं श्रवणाला द्या. एक छोटा संवाद आधी न थांबवता ऐका, मग लिखित मजकूर समोर ठेवून ऐका, मग मजकूर झाकून बोलणाऱ्याच्या पाठोपाठ त्याच वेगाने म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी नवा संवाद घेण्याआधी कालचा एकदा नुसता ऐका.