पन्नासच्या दशकातला स्कर्ट: पूर्ण घेर की चुण्यांचा?

कंबर २८ इंच, उंची २६ धरू. पूर्ण घेराचा, म्हणजे अख्ख्या वर्तुळात कापलेल्या स्कर्टला कमरेची त्रिज्या २८ ÷ ६.२८ (पायची दुप्पट), म्हणजे साधारण साडेचार इंच. वर शिवणीसाठी अर्धा इंच माया (जादा कापड) हवी, म्हणून चार इंचांवर कापा. ४४ इंची पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) दोन अर्धवर्तुळं, कापड सव्वातीन मीटर. मुंबईच्या वन रूम किचनमध्ये ते पसरायला आधी पलंग हलवावा लागतो! खरी फसगत खाली होते: उरेब, म्हणजे तिरप्या धाग्याचा भाग लोंबून घेर वाकडा दिसतो. म्हणून शिवून एक दिवस टांगा, जमिनीपासून मापून मगच दुमडा.

चुण्यांच्या, म्हणजे सरळ कापड कमरेत गोळा केलेल्या स्कर्टला दीड मीटर पुरतं. लांब टाक्याच्या दोन ओळी घालून बॉबिनचा (मशीनच्या खालच्या रिळाचा) दोरा ओढा. मात्र जाड कापडात कंबर फुगते. मंगलदास मार्केटमधून पातळ कॉटनच घ्या. पहिल्यांदा हाच शिवावा.