आठ महिने वापरलेलं बिलिंग सॉफ्टवेअर आणि ३८ जीबीची लॉग फाइल

११ तारखेला सकाळी पावणेदहाला काउंटरवरून हाक आली, "बिल सेव्ह होत नाहीये." ११ तारीख म्हणजे जीएसटीआर-१ (महिन्याच्या विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरायचा शेवटचा दिवस, आणि सीएंच्या ऑफिसातून आदल्या रात्रीपासून फोन सुरू होते. सर्व्हर उघडला तर डिस्क शंभर टक्के भरलेली. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला आमचं औषधांचं होलसेल आहे. सहा काउंटर, आणि सगळ्यांची बिलं एकाच लिनक्स मशीनवर. हिशेब आणि कॉम्प्युटर दोन्ही मीच बघतो. बॅच, एक्स्पायरी, ई-इनव्हॉइस ही फीचर्स वापरणाऱ्यांना ठाऊक आहेत, त्यात शिरत नाही. मला बोलायचंय ते पाच महिन्यांत ३८ जीबी झालेल्या एका लॉग फाइलबद्दल, म्हणजे सॉफ्टवेअर आपल्या कामाच्या नोंदी जिथे लिहीत राहतं त्या फाइलबद्दल.

घाईघाईत मी ती फाइल डिलीट केली, तरी जागा मोकळी झाली नाही. चालू प्रोग्रॅमने फाइल उघडी धरलेली असली की लिनक्सवर नुसतं नाव जातं, जागा तशीच अडकून राहते. शेवटी सॉफ्टवेअर बंद करून परत चालू केलं तेव्हा डिस्क सुटली. या सगळ्यात पाऊण तास गेला, आणि तेवढा वेळ दारात टेम्पो उभे होते. फाइल अशी उडवायची नसते, जागच्या जागी रिकामी करायची असते, हे तेव्हा माहीत असतं तर बिलिंग एवढा वेळ बंद राहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी नवी फाइल उघडून वाचली. 'सेशन मेट्रिक्स' (डेटाबेसशी झालेल्या एकेका संवादाची मोजमापं) असं शीर्षक, खाली दहा ओळी: डेटाबेसचं कनेक्शन मिळवायला इतके नॅनोसेकंद, क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) तयार करायला इतके, चालवायला इतके. त्यातल्या कॅशेच्या, म्हणजे वाचलेली माहिती तात्पुरती जवळ ठेवण्याच्या सोयीच्या, तिन्ही ओळी कायम शून्य, कारण ती सोय आमच्याकडे वापरातच नाही. औषधाचं नाव शोधताना टाइप केलेल्या प्रत्येक अक्षरामागे हा दहा ओळींचा गठ्ठा पडतो. स्टॉकचा स्क्रीन दर सेकंदाला रिफ्रेश होतो, त्यामागेही एक. रोजचा पाव जीबी असा जमत होता. त्यात आमच्या बिलांबद्दल एक अक्षर नव्हतं.

सपोर्टला फोन केला. "सर, डिस्क वाढवून घ्या, १८,५०० मध्ये अपग्रेड करून देतो." मी म्हटलं, अहो, कचरा ठेवायला मी नवी खोली का बांधू? त्यावर दुसरं कारण आलं, लॉग कमी करता येत नाहीत, कायदा आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपायला सांगितलंय हे खरं, आणि आमची प्रायव्हेट लिमिटेड असल्याने मी ते गांभीर्यानेच घेतो. पण एवढे दिवस जपायचं म्हणूनच त्यात हा कचरा नको. रोज पाव जीबी म्हणजे १८० दिवसांचे ४५ जीबी. आमच्या १२० जीबीच्या डिस्कवर डेटाबेस आणि बॅकअपही राहतात.

मग मी स्वतःच सेटिंगच्या फाइलमध्ये लॉगची लेव्हल सरसकट 'इन्फो'वरून (सगळी साधी माहिती) 'वॉर्न'वर (फक्त इशारे आणि चुका) नेली. लॉग एकदम शांत झाला आणि मी खूश झालो. दहा दिवसांनी एका बिलाचा आयआरएन, म्हणजे सरकारी पोर्टलवरून मिळणारा ई-इनव्हॉइसचा नंबर, अडकला. विनंती इथून गेली का, पोर्टलवरून उत्तर कधी आलं, हे बघायला लॉग उघडला तर तिथे काहीच नाही. त्या नोंदीही 'इन्फो'च्याच होत्या, त्याही मीच बंद केल्या होत्या. गिरगावचा केमिस्ट फोनवर थांबलेला आणि माझ्याकडे सांगायला काही नाही. ही चूक माझी.

नंतर नीट शोधलं. आत हायबरनेट नावाची लायब्ररी आहे, डेटाबेसशी तीच बोलते. तिच्यात 'जनरेट स्टॅटिस्टिक्स' हा स्विच मुळात बंद असतो. आमच्याकडे तो सॉफ्टवेअर कंपनीने चालू करून पाठवला होता, कारण त्यांचा परफॉर्मन्सचा स्क्रीन त्यावर चालतो. आमच्याकडे असलेल्या आवृत्तीत तो चालू केला की प्रत्येक सेशनचा हिशेब 'इन्फो' म्हणून लॉगमध्ये उतरतो. स्विच बंद करायला कंपनी तयार नव्हती. पण ते लिहिणारा लॉगर एकच आहे, 'स्टॅटिस्टिकल लॉगिंग सेशन इव्हेंट लिसनर'. त्याच्या पूर्ण नावापुढे फक्त त्याची लेव्हल 'वॉर्न' केली आणि बाकी सगळं 'इन्फो'वर परत आणलं. एका ओळीचं काम. लॉग आता रोज चार-पाच एमबी होतो, १८० दिवसांचा एक जीबीही भरत नाही. नवी डिस्क घेतली नाही.

इथवर माझं मत दोन ताऱ्यांचं होतं. ते बदललं ते याच लायब्ररीतल्या दुसऱ्या सोयीमुळे. ठरावीक वेळेपेक्षा जास्त रेंगाळलेल्या क्वेरीच तेवढ्या लिहायच्या, अशी मर्यादा देता येते. मी ५०० मिलिसेकंद दिली. दोन दिवसांत लॉगमध्ये पुन्हा पुन्हा एकच क्वेरी दिसायला लागली, एक्स्पायरी रिपोर्टची. खरेदीच्या टेबलवर बॅच नंबरचा इंडेक्सच (पटकन शोधायची सूची) नव्हता. मी ती ओळ सपोर्टला पाठवली, आणि तिथल्या एका मुलीने दुपारपर्यंत इंडेक्स घालून दिला, एक पैसाही न घेता. चाळीस सेकंदांचा रिपोर्ट तीन सेकंदांत येतो. एक्स्पायरीचा माल परत करण्याच्या दिवशी आमची माणसं त्या रिपोर्टसमोर ताटकळत उभी असायची, त्यामुळे मला हे फार मोलाचं वाटतं. पाच महिने कोट्यवधी ओळींत हा उशीर नुसत्या आकड्यांत पडून होता आणि कोणाला दिसत नव्हता.

म्हणून आता साडेतीन तारे. बिलिंग चोख आहे, सपोर्टची माणसं ऐकून घेतात. अर्धा तारा एवढ्यासाठी कापला की गेल्या महिन्यातल्या अपडेटने माझी सेटिंगची फाइल पुसून टाकली आणि सेशन मेट्रिक्सचे गठ्ठे परत सुरू झाले. संध्याकाळी फाइलचा आकार बघायची सवय लागलीय म्हणून त्याच दिवशी लक्षात आलं. आता फाइलची प्रत वेगळी ठेवतो आणि प्रत्येक अपडेटनंतर ताडून बघतो. रिन्यूअल मार्चमध्ये आहे. हा लॉगर त्यांच्याकडूनच बंद होऊन येईल, हे लेखी मिळाल्यावरच चेक देणार आहे.