गोल्फ कार्टचे चौदा महिने आणि दोन रुपयांचा वायसर

गाडी घेतली तेव्हा गावात सगळ्यांनी एकच विचारलं, "दापोलीत गोल्फ कोण खेळतो?" कोणीच नाही. आमचं लहानसं कृषी पर्यटन केंद्र आहे, गेटपासून खोल्यांपर्यंत साडेतीनशे मीटर जांभ्याचा चढ, आणि येणाऱ्या पाहुण्यांत निम्मे गुडघ्यांनी टेकीला आलेले. म्हणून ही सहा सीटची, ४८ व्होल्टची गाडी. बाकीची माहिती सगळीकडे छापलेली असते, ती परत लिहीत नाही. सीटखाली ८ व्होल्टच्या सहा लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या आहेत, म्हणजे बारा खांब (वायर जोडायची शिशाची टोकं) आणि बारा नट, एवढं फक्त ध्यानात ठेवा. पुढचं सगळं रामायण त्या नटांचंच आहे.

गाडी चांगली आहे. आवाज नाही, धूर नाही, म्हाताऱ्या माणसांना चढायला पायरी खाली आहे. मागच्या सीटवर उलटं तोंड करून बसणारे उतारावर देवाचं नाव घेतात आणि सस्पेन्शन बैलगाडीच्या वळणावर गेलंय, पण मी तक्रार करणार नाही. रात्रभर चार्जिंगला लावली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बघावं लागत नाही.

आता मूळ दुखणं. मार्चमध्ये एक कुटुंब घेऊन, गाडी चालवणारा आमचा सदा वर येत होता. चढाच्या मध्यावर जळक्या रबराचा वास आला. पाहुण्यांना उतरवून सीट उचलली, तर तिसऱ्या बॅटरीचा निगेटिव्ह खांब एका अंगाने मेणबत्तीसारखा ओघळलेला आणि केबलचं आवरण बोटभर फुगून काळं पडलेलं. शिसं ३२७ अंशांना वितळतं. म्हणजे नागपूरहून आलेल्या काकूंच्या बैठकीखाली वीतभर अंतरावर एवढी भट्टी पेटली होती आणि त्या मला सोलकढीची कृती विचारत होत्या.

सर्व्हिसवाला चौथ्या दिवशी आला. सीट उचलली, मोबाईलवर दोन फोटो काढले, मीटर पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नाही. "साहेब, बॅटरी गेली. एकच बदलून चालत नाही, पूर्ण सेट घ्या." कोटेशन ८४,००० रुपये. खांब वितळणं वॉरंटीत बसत नाही. त्याच्या येण्याजाण्याचे वर १,८००. जुन्या पाचांत एक नवी बॅटरी घातली की नवी लवकर मरते हे त्याचं म्हणणं खरं आहे, ते मी मान्य करतो. पण मुळात गेली हे ठरवलं कशावरून?

माझ्याकडे ट्रॅक्टरच्या बॅटरीसाठीचा हायड्रोमीटर, म्हणजे आतल्या पाण्याची घनता मोजणारी नळी, होती. चार्ज करून, रात्रभर ठेवून त्या 'गेलेल्या' बॅटरीचे चारही सेल तपासले. १.२६५ ते १.२७० च्या मध्ये, सगळे सारखे. मीटरवर ८.४५ व्होल्ट. दोन्ही आकडे भरलेल्या, धडधाकट बॅटरीचे. शेजारच्या पाच जणींचंही तेच. मढं म्हणून तिरडीवर बांधलेला माणूस उठून चहा मागतो, तशातली गत.

मग बॅटरी उचलून बाजारातल्या बॅटरीवाल्या चाचांकडे नेली. चाचांनी आधी काही बोलून दाखवलं नाही.  १३ नंबरचा पाना लावून त्यांनी त्या ओघळलेल्या खांबाचा नट काढला आणि निघालेली एकेक वस्तू वर्तमानपत्रावर ओळीने मांडली. नट. स्प्रिंग वायसर. थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेलं भोकाचं तांब्याचं टोक. आणि थिंबलच्या खाली, थेट शिशावर बसलेला एक स्टेनलेसचा चपटा वायसर. "शेट, हा खाली काय करतो? ह्याची जागा वरती नटाखाली. बॅटरी मेली नाय, तिचा गळा आवळलाय कोणीतरी."

याच्यावर मी एवढं का लिहितोय असं वाटेल, पण लिहिणार. थिंबलचं तांबं शिशाच्या अंगाला थेट लागलं पाहिजे. मध्ये वायसर आला की एकाच्या जागी दोन सांधे होतात, आणि स्टेनलेसच्या अंगावर गंज न धरू देणारा जो पातळ पापुद्रा असतो तोच विजेची वाट अडवतो. स्टेनलेस तांब्याच्या चाळीसपट वाईट वाहक आहे म्हणून तापतं असं मला एकाने ऐकवलं. एवढ्याशा चकतीत तो हिशेब किरकोळ आहे, घोळ सगळा दोन अंगं जिथे टेकतात तिथला. त्यात आमच्याकडची समुद्राची हवा आणि बॅटरीच्या अ‍ॅसिडची वाफ. सांधा तापतो, शिसं मऊ पडून दबतं, नट सैल होतो, सैल झाला की आणखी तापतो.

चाचांनी झाकणं उघडून, हवा मारून, आतला गॅस घालवून मगच साचा लावला आणि खांबावर शिसं ओतून दिलं. ५०० रुपये. हे घरी करायला जाऊ नका. चार्जिंगनंतर बॅटरीत हायड्रोजन साठलेला असतो, हवेत ४ टक्के झाला तरी ठिणगीला पुरतो.

घरी आल्यावर बाराही खांब तपासायचे ठरवले. करोनाच्या वेळची कपाळाला लावायची बंदूक आधी काढली. ती माणसांपुरती, खांबावर धरली की नुसतं 'हाय'. भाच्याची कारखान्यातली आणली तर चकचकीत धातूवर ती भलतंच कमी तापमान दाखवते. खांबावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावून त्यावर नेम धरला तेव्हा आकडे पटायला लागले. पण खरा न्याय मल्टीमीटरनेच केला. मीटर मिलिव्होल्टवर, एक चिमटा शिशाच्या खांबाला, दुसरा थिंबलच्या नळीला, लांब वायरी काढून मीटर मांडीवर, आणि सदाला चार माणसं बसवून चढावर गाडी घ्यायला सांगितली. वायरीभोवती चिमट्यासारखा धरायच्या डीसी क्लॅम्पमीटरवर करंट १२० अ‍ॅम्पिअरच्या आसपास. चांगले सांधे ८-१० मिलिव्होल्ट दाखवत होते. तिसऱ्या बॅटरीचा पॉझिटिव्ह दाखवत होता ६०० मिलिव्होल्ट. गुणाकार करा: ७२ वॉट. २५ वॉटच्या तीन सोल्डरिंग आयर्न एका नटावर टेकवून ठेवल्यासारखं. तसाच आणखी एक निघाला, पाचव्या बॅटरीचा. दोन्हींत वायसर खाली.

त्या रात्री मी कंपनीला जो मेल लिहिला तो इथे छापण्यासारखा नाही. 'बेजबाबदार जोडणी', 'प्रवाशांच्या जिवाशी खेळ' वगैरे. फोटो सात.

इथवरचं एप्रिलमध्ये लिहून ठेवलं होतं. पुढचं जरा लाजत लिहितोय.

बायकोच्या मोबाईलमध्ये गाडी आली त्या दिवसाचा व्हिडिओ सापडला. नारळ फोडताना ड्रायव्हरने सीट उचलून आतलं दाखवलंय. थांबवून, मोठा करून बघितला. सगळे वायसर वर, नटाखाली, जिथे असायला हवेत तिथे. मग खाली घातले कोणी? पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये तीन खांबांवर पांढरी-हिरवी भुकटी धरली होती. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ब्रश मारून साफ केली, आणि साफ करून परत लावणारा माणूस मीच. तीन खांब, तीन वायसर. बायको काही बोलली नाही, फक्त व्हिडिओ मला फॉरवर्ड केला.

कंपनीला दुसरा मेल पाठवला, दोन ओळींचा. पण मीटर न काढता ८४,००० चं कोटेशन देण्याचा राग मी सोडलेला नाही. आणि मॅन्युअलच्या चौसष्ट पानांत कपहोल्डर कसा काढायचा याच्या चार आकृत्या आहेत, नटाखाली काय कुठल्या क्रमाने यावं याची एकही नाही.

तरी मे महिन्यात एक जागा गरमच. तिसऱ्या-चौथ्या बॅटरीमधली केबल. इथे एक गोष्ट कळली: टोकच तापत असेल तर सांधा वाईट, आणि केबल टोकापासून टोकापर्यंत सारखी गरम लागत असेल तर केबल बारीक. ही अख्खी गरम होती. मार्चमध्ये जळालेल्या केबलच्या जागी मी हार्डवेअरच्या दुकानातली १६ स्क्वेअर एमएमची टाकली होती, थिंबल हातोडीने ठोकून. तेव्हा चारशे रुपये वाचवल्याचं मी जेवताना सांगितलंही होतं. आता चिपळूणच्या एका पॅनलवाल्याकडून ३५ स्क्वेअर एमएमच्या वेल्डिंग केबलच्या पाच करून आणल्या, हायड्रॉलिक क्रिंपिंगच्या (थिंबल मशीनने दाबून बसवलेल्या), ६५० रुपयाला एक.

बसवताना आमचा क्रम असा: चावी बंद, स्विच 'टो'वर (गाडी ओढून नेताना ठेवतात तसा), हातातलं घड्याळ-अंगठी काढायची, पान्याच्या दांड्याला टेप, आणि बॅटरी पॅकचं मुख्य निगेटिव्ह सगळ्यांत आधी सुटं. शिसं आणि थिंबल दोन्ही चमकेपर्यंत घासायचं, वायसर वर, मग टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा. आमच्या बॅटरीच्या कागदावर ११ न्यूटन-मीटर होतं. सदाच्या दंडाने आवळलं तर त्याच्या दुपटीला जातं आणि शिसं तिथेच दबून बसतं. व्हॅसलीन शेवटी वरून, आधी आत नाही. महिन्याने सगळे नट एकदा परत पान्याने बघितले, चार जरासे उतरले होते.

आत्ता जुलै आहे, बाहेर पाऊस, हवा २९ अंश. काल सहा माणसं वर आणल्यावर टेपवर बंदूक धरली: सगळ्यांत गरम खांब ४१.

खर्च: केबल ३,२५०, चाचा ५००, टॉर्क पाना १,९००. मिळून ५,६५०. पाना शेजाऱ्याने मागितला होता, दिला नाही.

परवा कंपनीतून फोन आला, वार्षिक सर्व्हिस काँट्रॅक्ट रिन्यू करायचं का. मी म्हटलं, आधी ते १,८०० चं बघा. "बघतो साहेब." चार स्टार देतोय. कापलेला एक त्या न छापलेल्या आकृतीचा आहे, पैसे परत आले तर अर्धा देईन.