डायमिथाइल कार्बोनेट: सिरिया-झिर्कोनिया घ्यावा की मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड?

डायमिथाइल कार्बोनेट हे द्रव रसायन बनवायचा फॉस्जीन या विषारी वायूचा जुना मार्ग आता कुणी नव्याने धरू नये. भोपाळच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट याच फॉस्जीनपासून बनवलं जायचं, एवढं कारण पुरेसं आहे. मग मिश्र ऑक्साइडांपैकी कोणता उत्प्रेरक घ्यावा? माझ्या मते आधी सहउत्पादन बघावं, कारण पुढचा सगळा त्रास तिथूनच सुरू होतो.

सिरिया-झिर्कोनियावर (सिरियम आणि झिर्कोनियमच्या मिश्र ऑक्साइडवर) मिथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड थेट जोडले जातात आणि बाहेर पडतं ते फक्त पाणी. कागदावर याहून स्वच्छ काही नाही. पण तेच पाणी अभिक्रियेचा समतोल मागे ओढतं आणि दाब वाढवूनही उत्पादन मोजक्या टक्क्यांवरच अडतं. २-सायनोपिरिडिन हे रसायन घातलं की ते पाण्याशी अभिक्रिया करून पाणी काढून घेतं आणि त्याचं पिकोलिनामाइड होतं. शुद्ध सिरियावर अशा पद्धतीने १२० अंशांना ९० टक्क्यांच्या वर उत्पादन मिळाल्याची नोंद आहे. मात्र त्या पिकोलिनामाइडचं पुन्हा सायनोपिरिडिन करण्याचा खर्च हिशोबात धरायलाच हवा.

मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड इथिलीन कार्बोनेट आणि मिथेनॉलच्या ट्रान्सएस्टरिफिकेशनसाठी चांगला, म्हणजे दोघांच्या गटांची अदलाबदल होऊन डायमिथाइल कार्बोनेट आणि ग्लायकॉल मिळतं. तापमान बेताचं लागतं आणि सोबत निघणारं ग्लायकॉल विकलं जातं. अर्थात इथिलीन कार्बोनेट बनतं ते इथिलीन ऑक्साइड या विषारी, ज्वलनशील वायूपासून, म्हणजे धोका थोडा मागे सरकतो, संपत नाही. तरी हा मार्ग मोठ्या प्रमाणावर चालतो: असाही कासेई या जपानी कंपनीच्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिक बनवण्याच्या फॉस्जीनमुक्त प्रक्रियेत हीच पायरी आहे, आणि ती वापरणारा तैवानमधला कारखाना २००२ साली सुरू झाला.

मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमचा हा उत्प्रेरक करायला स्वस्त, पण हात नेटका हवा. मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियमची ३:१ प्रमाणातली नायट्रेटं सोडियमच्या अल्कलीने pH १० च्या आसपास एकत्र अवक्षेपित केली की पांढरा लगदा मिळतो. तो मनापासून धुवा, कारण उरलेलं सोडियम स्वतःच अभिक्रिया चालवतं आणि श्रेय ऑक्साइडला मिळतं. ४५०-५०० अंशांना भाजल्यावर लगेच डेसिकेटरमध्ये (ओलावा न शिरणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. उघड्यावर तो हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो.

युरिया आणि मिथेनॉलपासून जाणाऱ्या तिसऱ्या मार्गावरचा झिंक ऑक्साइड मी सुचवणार नाही: अमोनिया सांभाळावा लागतो, शिवाय झिंक विरघळतं.

मिथेनॉल आणि डायमिथाइल कार्बोनेटचं सुमारे ७०:३० चं अ‍ॅझिओट्रोप, म्हणजे साध्या ऊर्ध्वपातनाने वेगळं न होणारं मिश्रण, दोन्हीकडे छळतंच. ते वेगळं करण्याची सोय असेल आणि लवकर माल काढायचा असेल, तर मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियम घ्या. हाताशी कार्बन डायऑक्साइड, दाबाचं रिअ‍ॅक्टर आणि पाणी काढण्याची पक्की योजना असेल, तरच सिरिया-झिर्कोनियाकडे वळा.